लायकीचा बिघाड

बिघाड दुरुस्त झाला की साध्या माणसाचं समाधान होतं. पंखा फिरू लागला, नळ गळायचा थांबला, की तो पुन्हा पेपर उघडतो. काही माणसांना मात्र बिघाडसुद्धा आपल्या तोलामोलाचा लागतो. पंख्याचा कंडेन्सर गेला होता, एवढ्याशा कारणावर ती स्वतःची बोळवण होऊ देत नाहीत. आमच्या सोसायटीतले नाना या पंथाचे, आणि पंथातही वरच्या श्रेणीतले, कारण नानांच्या घरात सर्व्हर आहे.

सर्व्हर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी ते नानांना विचारू नये. संध्याकाळ जाईल. थोडक्यात सांगतो. एका कचेरीने मोडीत काढलेला संगणक नानांनी आणला, त्यात चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क बसवल्या, डेबियन नावाची फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली त्यावर चढवली आणि तो ठोकळा बेडरूमच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराचं खोकं आणि पापडाचा डबा यांच्या मध्ये नेऊन ठेवला. तेव्हापासून घरातले फोटो, विम्याचे कागद, वहिनींच्या भिशीचा हिशेब आणि नानांनी जन्मभर जमवलेली नाट्यपदं या माळ्यावर राहतात. "आपली चीजवस्तू परक्याच्या घरी कशाला ठेवायची?" हे नानांचं ब्रीद. वहिनींचं म्हणणं, परक्याच्या घरी होती तेव्हा निदान सापडत होती.

नाना पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मशीन बंद पडलं की धावत जायचं, ते चालू करायचं आणि मग निवांत बसून त्याचं 'आद्य कारण' शोधून अहवाल लिहायचा, यात त्यांचा उमेदीचा काळ गेला. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, अहवाल सुटले नाहीत. गीझरचा अहवाल आहे, दाराच्या बेलचा आहे, आणि पाहुण्यांच्या बाथरूममधल्या फ्लशचा तर पुरवणी अहवालही आहे. सगळे फाइलला लावलेले, तारीखवार.

वायफायवर त्यांचा भरवसा नाही. फ्लॅटचं काम चालू होतं तेव्हाच बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी हॉलपासून बेडरूमपर्यंत भिंतीतल्या पाइपातून लॅनची वायर ओढून घेतली. दोन्ही टोकांना भिंतीत सॉकेट. हॉलच्या सॉकेटपासून राउटरपर्यंत वायरीचा एक हातभर तुकडा, आणि बेडरूमच्या सॉकेटपासून माळ्यावरच्या सर्व्हरपर्यंत दुसरा. हा दुसरा तुकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. नानांनी ठेवला नाही.

प्रकरण उपटलं ते लग्नाच्या व्हिडिओवरून. नानांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात झालं, आणि फोटोग्राफरने चित्रणाचा पेनड्राइव्ह शिमग्याच्या सुमारास, म्हणजे त्या धंद्याच्या मानाने वेळेवरच, आणून दिला. चाळीस जीबी. विहीणबाईंचा लगोलग फोन आला.

"पेनड्राइव्हच पाठवून देऊ या की," वहिनी म्हणाल्या.

"पेनड्राइव्ह?" नाना म्हणाले. "घरात सर्व्हर असताना? सर्व्हरवर टाकतो, त्यांना लिंक देतो. घरबसल्या बघतील."

त्यांनी लॅपटॉप वायरीने राउटरला जोडला, चित्रण माळ्यावर पाठवायला लावलं, आणि पडद्यावर आकडा आला: सेकंदाला 11 मेगाबाइट. चाळीस जीबीला तासभर लागणार होता. जे काम सहा मिनिटांत व्हायला हवं त्याला तास लागतो, हे पाहून नानांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मुलीच्या लग्नातही आलं नव्हतं. मला वर बोलावणं आलं. या असल्या कामांत बॅटरी धरणं हे माझं खातं आहे.

इथे थोडा हिशेब सांगावा लागेल. घरोघरी असतात ती आजची यंत्रं वायरीवरून सेकंदाला 1000 मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट, नेऊ शकतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून कागदोपत्री 125 मेगाबाइट. पत्ता लिहिणं, वेष्टण घालणं यांचा खर्च वजा जाता हातात 112 ते 118 पडतात. हीच जोडणी काही कारणाने 1000 वरून 100 मेगाबिटवर उतरली तर हातात पडतात अकरा-साडेअकरा. डिस्क दमली असेल तर आकडा नाचतो, चाळीसवर जातो, सातवर येतो, मध्येच बसकण मारतो. पण आकडा अकरावर खुंटा ठोकून उभा राहिला, तासभर हललाच नाही, तर जाणकार माणूस दुसरं काही न बघता वायर बघतो. हे सगळं मला नानांनीच सांगितलं. प्रकरण संपल्यावर. आपल्याला ते पहिल्यापासून ठाऊक होतं अशा आवाजात.

वायर मात्र त्यांनी बघितली नाही. वायर ही दुकानात मीटरवर मिळणारी वस्तू. ज्या माणसाने लाखालाखाच्या मशीनची आद्य कारणं शोधली तो वायरीपासून सुरुवात करत नाही.

पहिला संशय त्यांनी सांबावर घेतला. सांबा हा लिनक्सच्या यंत्राला विंडोजच्या यंत्रांशी फायलींची देवाणघेवाण करू देणारा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने तो 1991 च्या अखेरीस लिहायला घेतला. त्याच्या मांडणीची एक फाइल असते आणि त्या फाइलीत बदलता येण्याजोग्या ओळी भरपूर असतात. नानांनी त्या सगळ्या बदलल्या. मग पूर्ववत केल्या. मग निम्म्या बदलल्या. आकडा 11.

मग डिस्क. डिस्क स्वतःची तब्येत स्वतःच तपासते अशी एक सोय असते, पण चार टेराबाइटचं पोट तपासायला रात्र जाते. रात्रभर माळ्यावरून खरखर येत राहिली. सकाळी निकाल आला: दोन्ही डिस्क निरोगी. घरात तब्येतीचा चांगला रिपोर्ट आल्यावर एखाद्याचं तोंड इतकं उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मग ड्रायव्हर," नाना म्हणाले. त्यांच्या सर्व्हरमधलं नेटवर्क कार्ड रिअलटेकचं. लिनक्समध्ये त्याच्यासाठी मुळातच एक ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, असतो, आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा दुसरा वेगळा मिळतो. कोणता बरा यावर जगभरची माणसं एकमेकांशी अबोला धरून आहेत. नानांनी आधी एक काढून दुसरा घातला, मग दुसरा काढून पहिला. मधल्या काळात सर्व्हर कोणाशीच बोलेना, म्हणून जुना मॉनिटर माळ्यावर चढवावा लागला. मॉनिटर वर, कीबोर्ड वर, नाना शिडीवर, मी खाली बॅटरी घेऊन, आणि पापडाचा डबा पलंगावर. आकडा 11.

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. कार्डाची हजेरी घेणारी इथटूल नावाची आज्ञा त्यांनी दिली होती. माझ्या डोळ्यांदेखत दिली. तिचं उत्तर पानभर येतं. सुरुवातीला कार्ड काय काय करू शकतं त्याची यादी असते, आणि त्या यादीत 1000 हा आकडा होता. अगदी शेवटी 'जोडणी आहे का' याचं उत्तर असतं, ते 'आहे' असं होतं. नानांनी वरची ओळ वाचली, खालची वाचली आणि मान डोलावली. मधे कुठेतरी 'सध्याचा वेग 100' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कार्डाची लायकी त्यांनी वाचली, कामगिरी वाचली नाही. नोकरभरतीत हे सर्रास चालतं, पण कार्डाला त्याचं काय?

आणि हे इतके महिने ध्यानात कसं आलं नाही, याचंही कारण आहे. नानांच्या इंटरनेटचा प्लॅनच शंभराचा. माळ्यावरून इंटरनेटचा वेग मोजला की पंच्याण्णवच्या आसपास येई आणि नाना खूश होत. बाहेरून येणारंच शंभर, तेव्हा घरातली वायर हजाराची आहे की शंभराची हे कळायला वाव नव्हता. मुलीचं लग्न झालं नसतं तर ते आजही कळलं नसतं.

मग एका रविवारी नानांनी 'जंबो फ्रेम' काढली. वायरीवरून माहिती जाते ती पुडक्यांतून, आणि एरवी एका पुडक्यात 1500 बाइटांचा माल बसतो. तो 9000 करता येतो. पण वाटेतल्या प्रत्येक यंत्राला एवढं मोठं पुडकं गिळता आलं पाहिजे. सर्व्हरला आलं, लॅपटॉपला आलं, हॉलमधल्या टीव्हीला आलं नाही. टीव्ही माळ्यावरची नाट्यपदं वाजवत होता तो 'नाही मी बोलत' म्हणावं तसा गप्प झाला.

"अहो, टीव्ही बंद पडलाय."

"बंद नाही पडलेला. त्याला पुडकं मोठं होतंय."

"मग छोटं द्या!" आतून उत्तर आलं. नेटवर्किंगवर मी ऐकलेला सर्वांत व्यवहार्य सल्ला हाच. नाना पुन्हा 1500 वर आले.

आकडा काही केल्या हलत नाही म्हटल्यावर नानांनी संशयाची दिशा बदलली. संगणक निर्दोष आहे, दोष वातावरणात आहे. विजेच्या उपकरणांमुळे वायरीत गोंगाट शिरतो. फ्रिजचा काँप्रेसर चालू झाल्याची वेळ आणि बंद झाल्याची वेळ ते वहीत मांडू लागले. मोजणी चालू असताना मिक्सर लावायचा नाही असा हुकूम सुटला. नेमका वहिनींना शेंगदाण्याचा कूट करायचा होता.

"वायरीला पीळ असतो ना?" मी विचारलं. "कशासाठी असतो मग?"

विचारायला नको होतं. पिळाच्या जोडीचं पेटंट ग्रॅहम बेलचं, 1881 सालचं. दोन तारा एकमेकींना वेढून नेल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडच्या टोकाला एकीतून दुसरी वजा केली की गोंगाट जातो आणि बोलणं उरतं. टेलिफोनसाठी निघालेली ही युक्ती आजच्या लॅनच्या वायरीत चार वेळा वापरलेली असते: चार जोड्या, आठ तारा, प्रत्येक जोडीचा पीळ निराळा. नानांनी हे सगळं इतकं छान समजावलं की मी म्हटलं, "म्हणजे मिक्सरने काही होणार नाही." नाना गप्प झाले. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. आकडा 11.

मिक्सरवरून आठवलं. या वायरीवरच्या बोलीला इथरनेट म्हणतात. तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बसून एका टिपणात मांडली. नाना त्यांचं नाव अत्यंत आदराने घेतात, ट्यूरिंग पुरस्कार त्यांना फार उशिरा, 2022 सालचा मिळाला याचा रागही त्यांना आहे. त्याच मेटकाफ यांनी 1995 च्या अखेरीस एका सदरात लिहिलं होतं की 1996 साली इंटरनेट कोसळणार, आणि तसं झालं नाही तर मी माझे शब्द गिळीन. इंटरनेट कोसळलं नाही. 1997 साली एका परिषदेत त्यांनी त्या लेखाचा कागद मिक्सरमध्ये पातळ करून लोकांदेखत पोटात घातला. ही गोष्ट मी नानांना दोनदा ऐकवली आहे. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

मिक्सर सुटला तसे नाना अर्थिंगवर आले. घराचं अर्थिंग ठीक होतं, त्यामुळे इमारतीच्या अर्थिंगवर. सोसायटीच्या सभेत पार्किंग आणि पाण्याची टाकी हे विषय चालू असताना नाना उभे राहिले आणि इमारतीच्या अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा असा ठराव त्यांनी मांडला. सेक्रेटरींनी विचारलं, "कोणाला शॉक बसला का?"

"शॉक नाही. वेग कमी येतो."

"कशाचा?"

"माझ्या सर्व्हरचा."

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे 'सर्व्हर डाउन' असं इतिवृत्तात लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.

त्याच संध्याकाळी, नाना सभेत भांडत असताना, वहिनी रिक्षाने जाऊन विहीणबाईंना पेनड्राइव्ह देऊन आल्या. येताना बाकरवडी घेऊन आल्या. विहीणबाईंनी चित्रण दोनदा पाहिलं आणि त्यात मुलीकडचेच पाहुणे जास्त दिसतात अशी तक्रारही कळवली. म्हणजे ज्या कामासाठी एवढा खटाटोप चालला होता ते काम तडीस गेलं होतं. नानांना हे सांगायचं नाही असं घरात ठरलं. सांगून काही उपयोगही नव्हता. चित्रण ही आता दुय्यम बाब झाली होती.

वायरीपर्यंत नाना अखेर आले, पण तिथेही वरच्या अंगाने आले. संशय घ्यायचाच तर भिंतीतल्या वायरीवर. न दिसणारी, पाइपातून गेलेली, जुनी: तिला काहीएक प्रतिष्ठा होती. आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. ज्या दुकानात गेलो त्याचा मालक कोणाशीतरी फोनवर बोलत होता आणि ते त्याने आमच्यासाठी थांबवलं नाही.

"कॅट एट आहे का?" नानांनी विचारलं. ही चाळीस गिगाबिटची वायर मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये वापरतात.

मालकाने फोन कानापासून इंचभर लांब नेला. "कुठे लावायचीय?"

"घरी."

"घरी माणसं किती?"

"तीन. म्हणजे, आता दोन. मुलीचं लग्न झालं."

"मग फाइव्ह ई घ्या. दोघांना पुष्कळ होते."

तांत्रिकदृष्ट्या तो शंभर टक्के बरोबर होता. कॅट फाइव्ह ई वायरीवरून गिगाबिट शंभर मीटरपर्यंत जातं, आणि नानांचा अख्खा फ्लॅट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तरी त्याच्या पाव भागही भरत नाही. पण नानांनी कॅट सिक्सच्या खाली उतरायला नकार दिला. खिशातून ब्लेड काढून त्यांनी वायरीच्या टोकाची तार खरवडायला घेतली. हल्ली आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी स्वस्त वायर सर्रास मिळते. ती लवकर तुटते, रोधही जास्त. खरवडल्यावर आतून पांढरी निघाली तर समजायचं.

"शुद्ध तांबं आहे ना?"

"काका," मालक म्हणाला, "वायर ओढायचीय की बांगड्या करायच्यात?"

तांबं निघालं. वायर घेतली. नवी वायर जुनीच्या शेपटीला बांधून ओढायची अशी रीत आहे. इलेक्ट्रिशियनने ओढली, ती पॅसेजच्या वळणावर पाइपात अडकली, आणि लग्नासाठी रंगवलेली भिंत वीतभर फोडावी लागली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत याची मला इतकी धास्ती वाटली की मी बॅटरी नानांच्या हातात देऊन घरी गेलो. संध्याकाळी परत बोलावणं आलं. नवी वायर, दोन्ही टोकांना नवी सॉकेट. आकडा 11.

"आता फक्त हे दोन तुकडे राहिले," मी म्हटलं, आणि सॉकेटपासून माळ्यावर चढणाऱ्या त्या राखाडी तुकड्याकडे बोट केलं.

"छे, छे. हा तर नवा आहे. दिवाळीत बदललाय," नाना म्हणाले, आणि राउटर बदलावा का या विचारात पडले.

राउटर वाचला तो एका पोराच्या कृपेने. आमच्या मजल्यावर फायबरची तक्रार होती, ती बघायला इंटरनेटवाल्यांचा मुलगा आला होता. विशीचा, पाठीला सॅक, कानात इअरफोन. जाता जाता त्याला वर नेला. नानांनी त्याला सांबापासून अर्थिंगपर्यंत सगळा वैद्यकीय इतिहास सांगितला. पोरगा 'हां काका, हां काका' म्हणत सॅक चाचपत होता. त्यातून त्याने काडेपेटीएवढ्या दोन डब्या काढल्या. त्या राखाडी तुकड्याचं एक टोक एकीत, दुसरं दुसरीत. या टेस्टरवर एक ते आठ असे दिवे असतात, आणि तार जर धड असेल तर ते ओळीने पेटतात.

एक पेटला. दोन पेटला. तीन पेटला. मग काही क्षण काहीच नाही. मग सहा. मग पुन्हा अंधार.

"काका, चार, पाच, सात, आठ पेटतच नाहीत."

"टेस्टर चायनीज दिसतोय," नाना म्हणाले.

पोराने तुकड्याचं टोक उजेडात धरलं. वायरीच्या टोकाचा जॅक पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो, आतल्या तारा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. त्याने त्या नानांना मोजून दाखवल्या. चार होत्या. तुटलेल्या नव्हत्या, सुटलेल्या नव्हत्या. उरलेल्या चार मुळात घातलेल्याच नव्हत्या. कुठल्याशा जुन्या मोडेमच्या खोक्यात फुकट आलेला तुकडा होता तो. त्या काळी एवढं पुरे होतं, कारण 1995 सालच्या शंभर मेगाबिटच्या प्रमाणाला दोनच जोड्या लागतात: एक, दोन, तीन आणि सहा नंबरच्या तारा. 1999 साली तांब्याच्या वायरीवरचं गिगाबिट आलं, ते मात्र चारही जोड्या एकदम वापरतं.

आणि तरीही जोडणी तुटली नव्हती, कुठे तांबडा दिवा नव्हता, कुरकुर नव्हती. याचं कारण मोठं मजेदार आहे. वायर लावली की दोन्ही टोकांची कार्डं आधी लग्नाची बोलणी करावी तशी बोलणी करतात: आमची ऐपत एवढी, तुमची केवढी? ही बोलणी चालतात त्याच दोन शाबूत जोड्यांवरून. त्यामुळे हजाराचा शब्द दोन्हीकडून दिला जातो, घेतलाही जातो. प्रत्यक्ष कार्याला उभं राहिल्यावर कळतं की उरलेल्या दोन जोड्या आलेल्याच नाहीत. काही कार्डं अशा वेळी रुसून बसतात आणि जोडणी होतच नाही. बरीचशी समजूतदार असतात, ती चारचौघांत वाच्यता न करता शंभरावर निभावून नेतात. नानांची दोन्ही कार्डं समजूतदार निघाली, म्हणून भिंत फुटली.

पोराने सॅकमधला स्वतःचा एक तुकडा लावला. आकडा 112. चाळीस जीबी सहा मिनिटांत माळ्यावर. "काका, येतो," म्हणून तो गेला. पैसे घेतले नाहीत. त्याच्या लेखी काही काम झालंच नव्हतं.

त्या रात्री नाना जेवले नाहीत. बिघाड होता, सापडला होता, गेलाही होता. पण तो असा. मोडेमच्या खोक्यात फुकट आलेला. सांबा, ड्रायव्हर, ग्रॅहम बेल, इमारतीचं अर्थिंग यांच्या रांगेत त्याला बसवायचा कसा? मुलीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे लेअर वन इश्यू होता."

नानांनी मान वर केली. नेटवर्कचे सात थर मानतात. सर्वांत वर माणसाला दिसणारे प्रोग्राम, सर्वांत खाली प्रत्यक्ष वायर. तो पहिला थर, लेअर वन. तिथला दोष शोधून काढणं ही जगभर मान्यता असलेली गोष्ट आहे. 'तुकडा खराब होता' यात आणि 'लेअर वन इश्यू होता' यात तारांचा फरक नाही, पण नानांचा चेहरा पालटला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली भेटले ते सांगतच आले: "लेअर वनला सापडला शेवटी. मी म्हणतच होतो." संध्याकाळपर्यंत त्याचं 'फिजिकल मीडिया डिग्रेडेशन' झालं होतं. बिघाडाला बढती मिळाली, तेव्हा नानांना तो स्वीकारता आला.

मग अहवाल आला. टोयोटा कंपनीची एक पद्धत आहे: पाच वेळा 'का' विचारा, पाचव्या उत्तरात आद्य कारण सापडतं. नानांनी ती कारखान्यात शिकलेली. वेग कमी का? तुकड्यात चारच तारा म्हणून. चार तारांचा तुकडा का लावला? आधीच्या तुकड्याच्या जॅकची खिट्टी तुटली म्हणून. खिट्टी का तुटली? सर्व्हर ओढून खाली घेतला म्हणून. का घेतला? माळा साफ करायला. माळा का साफ केला? दिवाळी होती म्हणून.

आद्य कारण: दिवाळी. उपाययोजना: साफसफाईच्या वेळी सर्व्हरला हात लावू नये, कळावे. अहवालाची एक प्रत फ्रिजवर लावली आहे. खिट्टी तुटल्यावर खणातून तो चार तारांचा तुकडा शोधून लावला कोणी, हा सहावा 'का' झाला, आणि टोयोटाची पद्धत पाचावर थांबते. वहिनींनी अहवाल वाचला, खाली पेनने 'वाचले' असं लिहिलं, आणि फोडलेल्या भिंतीला रंगारी बोलावला.

तो खण बघण्यासारखा आहे. असा खण या पंथाच्या प्रत्येक माणसाकडे असतो. त्यात बारीक पिनेचे नोकियाचे चार्जर आहेत, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरी आहेत, समांतर पोर्टाच्या प्रिंटरची जाडजूड केबल आहे, आणि त्या घरात प्रिंटर नाही. त्यातलं काही टाकायचं म्हटलं की नाना म्हणतात, "लागेल कधीतरी." परवा मी तिथे स्क्रू ड्रायव्हर शोधत होतो तर तो राखाडी तुकडा दिसला. व्यवस्थित वेटोळं करून, रबर बँड लावून, इतर तुकड्यांच्या वर.

"नाना, हा टाकला नाहीत?"

"टाकायचा कशाला? शंभर तर देतोय ना."

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात असा माणूस असेल, आणि एखादी वायर खराब आहे असं एकदाचं सिद्ध झालं, तर ती कात्रीने मधोमध कापा आणि ई-कचऱ्यात द्या. दोन्ही तुकडे द्या, एक ठेवलात तर तो त्याला जॅक मारून घेईल. आणि हे काम तो आंघोळीला गेला असताना उरका.